पोर्तुगालात गाडी हातात घेताय? या चुका टाळा

पोर्तुगीज 1961 पर्यंत आपल्या डोक्यावर होते, पण रस्त्याच्या बाबतीत गोव्याने त्यांचं ऐकलं नाही. पोर्तुगालने 1928 मध्ये गाड्या उजव्या बाजूला नेल्या आणि आपण डावीकडेच राहिलो, कारण शेजारी सगळं ब्रिटिशांचं, तिकडे डावीकडूनच चालायचं. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट करून लिस्बनला गेलेला डिचोलीचा माणूस तिथे गोंधळतोच, मीपण गोंधळलो.

सगळे ट्रॅफिकला घाबरतात, पण ट्रॅफिकमध्ये चुकणं कठीण हो, पुढच्याच्या मागे जायचं बस. घोळ होतो तो रिकाम्या रस्त्यावर. मी सकाळी सकाळी पेट्रोल पंपावरून निघालो, रस्त्यावर चिटपाखरू नाही, हात आपोआप डाव्या बाजूला वळला आणि समोरून व्हॅन आली तेव्हा डोळे उघडले. तेव्हापासून एकच खूण धरलीय, तिथली गाडी असेल तर ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे पाहिजे, तुम्ही फुटपाथच्या कडेला बसलेले दिसलात तर चुकलात. चुकलंच तर झटकन स्टिअरिंग फिरवू नका, स्लो करा, मागेपुढे बघा, मग बाजू बदला.

गिअरसाठी डावा हात दारावर आपटेल, आपटू दे. क्लच, ब्रेक आपल्यासारखेच आहेत. इंडिकेटर मात्र डाव्या हाताला, आपल्या बऱ्याच गाड्यांत तो उजवीकडे, म्हणून वळताना वायपर चालू होतो, लाजू नका.

सर्कलवर म्हापशासारखं जो आधी नाक घालेल तो राजा असं चालत नाही. आतला आधी, आणि तो तुमच्या डावीकडून येतो. बाहेरची लेन फक्त पहिल्याच एक्झिटला सुटणाऱ्याची, हा नियम 2014 पासूनचा. त्याहून फसवणारी गोष्ट म्हणजे बोर्ड नसलेला चौक, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो भले छोट्या गल्लीतून येत असेल. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. हायवेवर डावी लेन ओव्हरटेकपुरती, आपल्या ट्रकांसारखं तिथे ठाण मांडून बसू नका.

इंग्लंडात स्विंडनकडे जाणाऱ्यांना बाजूचं टेन्शन नाही, तिकडेही डावीकडूनच, पण बोर्डवरचा 30 हा आकडा मैलांचा आहे, म्हणजे ताशी 48 किलोमीटर. आणि समोरच्याने डिपर मारला तर आपल्याकडे अर्थ 'थांब, मी येतोय', तिकडे बरेचदा 'ये बाबा, तू आधी'. तरी नुसत्या डिपरवर विसंबून गाडी घालू नका, नीट बघूनच.

फिरायला जात असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, वर्षभर चालतं, मूळ लायसन्सपण सोबत ठेवा.

परत आल्यावर पहिले दोन दिवस सांभाळा मात्र. मोपा विमानतळावर भाऊ न्यायला आला, म्हणाला तूच चालव, तर मी डावीकडचं दार उघडून ऐटीत बसलो आणि स्टिअरिंग शोधत राहिलो.