वादळानंतर गाडी काढताना: पडलेल्या आणि फिरलेल्या पाट्या

मी गाडी चालवायला शिकवते. एकदा वादळ ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ मुलीला घेऊन निघाले होते. एका तिठ्याजवळ आमच्या पुढच्या गाडीने मोकळ्या मुख्य रस्त्यावर करकचून ब्रेक मारला. आमच्यात अंतर होतं म्हणून आम्ही वाचलो. "मॅडम, तो मध्येच का थांबला?" मुलीने विचारलं. कारण कडेलाच होतं. बाजूच्या रस्त्यासाठी लावलेली 'थांबा' पाटी वाऱ्याने खांबावर पाव फेरी फिरली होती आणि तिचं तोंड आता आमच्याकडे होतं. ज्यांनी खरोखर थांबायला हवं होतं, त्या बाजूच्या रस्त्यावरच्यांना तिची नुसती कड दिसत होती.

तेव्हापासून मी शिकवताना सांगते, पडलेल्या पाटीपेक्षा फिरलेल्या पाटीला जास्त जपा. पाटी पडलेली असली की निदान काहीतरी हरवलंय हे कळतं. फिरलेली पाटी मात्र अगदी ठामपणे चुकीचं सांगत उभी असते.

म्हणून पाटी वाचताना तिचा खांबही बघा. तो कललाय का? बुंध्याशी माती उकरलेली किंवा काँक्रीट फुटलेलं आहे का? मग रस्त्याकडे बघा. डांबरावर रंगवलेली थांबण्याची रेघ, झेब्रा पट्टी, बाण हे वारा फिरवू शकत नाही. तुमच्यापुढे रेघ नाही आणि पाटी मात्र 'थांबा' म्हणतेय, तर संशय घ्या. तरी एकदम ब्रेक मारू नका. मागच्याला कळावं म्हणून आधी ब्रेकवर दोन-तीनदा हलका पाय टेकवा, वेग उतरवा, दोन्हीकडे बघा आणि मगच पुढे जा.

पाटीचा आकारही खूप सांगतो. 'थांबा'ची पाटी बहुतेक देशांत अष्टकोनी असते आणि 'आधी जाऊ द्या'ची टोक खाली असलेला त्रिकोण. चिखलाने अक्षरं झाकली गेली तरी हे आकार ओळखू येतात, पाठीमागूनसुद्धा. मुख्य रस्त्याने जाताना बाजूच्या फाट्यावरच्या पाटीची पाठ बघायची सवय लावा. तिथे नुसता खांब उरला असेल, तर त्या फाट्यावरून येणारा थांबणार नाही असंच धरून चाला.

एकेरी रस्त्याची पाटी उडाली असेल तर? कडेला लावलेल्या गाड्यांची तोंडं कुठे आहेत ते बघा. आणि वाटेत तुम्हाला सगळ्याच पाट्यांच्या पाठी दिसायला लागल्या, तर तुम्ही बहुधा उलट्या दिशेने शिरला आहात. थांबा, पार्किंग दिवे लावा आणि सावकाश बाहेर पडा.

वळणाची पाटी गेली की पुष्कळजण विजेच्या खांबांच्या ओळीवरून रस्त्याचा अंदाज घेतात. हे करू नका. तारा शेतातून सरळ निघून जातात आणि रस्ता मात्र तिथेच वळतो. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ किंवा कठडा धरून चाला. दोन्ही नसेल, तर जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवा. मी विद्यार्थ्यांना हिशेब करायला लावते. ताशी 60 किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढं अंतर कापलेलं असतं. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण चौथाईवर येतं. ओल्या, पाल्याने भरलेल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं.

रात्री शक्यतो निघूच नका. पाटीवरचा चकाकणारा पत्रा तुमच्याच दिव्यांचा उजेड तुमच्याकडे परत पाठवतो. त्यावर चिखल बसला किंवा पाटी आभाळाकडे तोंड करून वाकली, की अंधारात ती असून नसल्यासारखीच.

सिग्नल बंद पडला असेल तर प्रत्येक बाजूने थांबायचं आहे असं समजा आणि समोरच्याशी नजरानजर झाल्याशिवाय चौकात शिरू नका. रेल्वे फाटकाची पाटी किंवा दिवा दिसत नसेल, तर गाणी बंद करा, काच खाली करा, थांबून ऐका.

पाण्याबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. खोली दाखवणारा खांब वाहून गेला असेल, तर पाण्यात शिरायचं नाही, परतायचं. वाहतं पाणी 30 सेंटिमीटर असलं तरी लहान गाडी तरंगू शकते आणि 60 सेंटिमीटर पाणी मोठ्या गाडीलाही ओढून नेतं. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की खचलाय, हे वरून कळत नाही.

पडलेल्या पाटीत तार अडकलेली असेल तर लांबूनच मागे फिरा. तार गाडीवरच पडली, तर आत बसून राहा आणि वीज खात्याला फोन करा. गाडीने पेट घेतला तरच उतरायचं. तेही दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारून, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता. मग पाय न उचलता घासत घासत लांब जा.

फिरलेली पाटी स्वतः हाताने सरळ करायला जाऊ नका. ती तुमच्या अंदाजाने चुकीच्या दिशेला बसू शकते आणि ढिला खांब अंगावरही येऊ शकतो. गाडी सुरक्षित जागी लावून फोटो काढा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपून घ्या आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्यांना किंवा वाहतूक पोलिसांना कळवा. त्या दिवशी आम्ही तेच केलं, आणि ते लोक येईपर्यंत तिठ्याच्या अलीकडे पार्किंग दिवे लावून थांबलो. मुलीचा शिकण्याचा तास त्यातच संपला.