नदीतले किडे बघून कोल्हापूरच्या पंचगंगेची तब्येत ओळखताय? या चुका टाळा

पाण्याची बाटली भरून लॅबला दिली की रिपोर्ट मिळतो, खरं तो त्या एका क्षणाचा असतो, रात्री कुणी घाण सोडली आणि पहाटेपर्यंत वाहून गेली तर बाटलीत काय सापडणार? दगडाखालचे किडे मात्र महिनोन्महिने तिथंच असतात, सगळं सोसतात, म्हणून त्यांना विचारायचं. विचारताना आपण घोळ घालतो तो असा.

सगळ्यात मोठा घोळ जागेचा. मी पहिल्यांदा राजाराम बंधाऱ्याच्या मागं तुंबलेल्या पाण्यात जाळी टाकली, ट्रेमध्ये काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या, घाणीतही तगणाऱ्या लाल अळ्या, मग वर भोगावतीच्या, म्हणजे पंचगंगेला मिळणाऱ्या नदीच्या, खळाळात टाकली तर दगडाच्या पोटाला चिकटलेली मेफ्लायची, म्हणजे स्वच्छ पाणी लागणाऱ्या एका किड्याची, चपटी पिल्लं, आणि मी लगेच सगळ्यांना सांगत सुटलो की शहरानं नदी मारली. जयंती नाल्याचं सांडपाणी नदीत जातं हे खरंच आहे, पण माझी तुलनाच चुकली होती. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागं पाणी थांबतं, गाळ बसतो, ते पाणी कितीही स्वच्छ असू दे, खळाळातले किडे तिथं राहणारच नाहीत. खळाळाची तुलना खळाळाशी, डोहाची डोहाशी. बरगे घातलेत का काढलेत तेही वहीत लिहा.

दुसरं, ओळख. मागं तीन शेपट्या दिसल्या की मेफ्लाय, असं लिहून टाकतात, पण टाचणीच्या, म्हणजे चतुरासारख्याच बारीक किड्याच्या, पिल्लालाही मागं तीन असतात, फक्त त्या पानासारख्या पसरट असतात आणि त्या शेपट्या नव्हेतच, कल्ले आहेत. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना, जिवंत असताना हलताना दिसतात, भिंग घेऊन बघा, लई सुंदर दिसतं. स्टोनफ्लाय हा स्वच्छ पाण्यातलाच दुसरा किडा, त्याला दोन शेपट्या, पण काही मेफ्लायलाही दोनच असतात, तिथं पायाची नखं बघायची: स्टोनफ्लायला दोन, मेफ्लायला एक. आणि नुसती कात सापडली तर ती मोजू नका.

मोजणीत तर सर्रास चुकतं. किड्यांवरून पाणी जोखायच्या ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत किड्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात, स्वच्छ पाणी लागणाऱ्याला जास्त, घाणीत तगणाऱ्याला कमी, आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पद्धतही याच धर्तीवर आहे. लाल अळ्या दोनशे मिळाल्या तरी गुण 2 च, एकदाच. समजा चपटी मेफ्लाय 10, जाळं विणणारी कॅडिसफ्लाय 5, लाल अळी 2, गांडूळवर्गीय 1, बेरीज 18, भागिले 4 कुळं, सरासरी 4.5. नुसती बेरीज सांगू नका, जास्त वेळ शोधलं की ती आपोआप वाढते, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेळ सारखाच, 3 मिनिटं.

पाण्यावर पळणारे किडे, डासांच्या अळ्या यांच्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधू नका, हे वरची हवा घेतात. पूर ओसरल्यावरही लगेच जाऊ नका, दगड घासून निघालेले असतात, महिनाभर थांबा. चतुराचं पिल्लू वेगळ्या डबीत ठेवा, घरी पोचेपर्यंत बाकीचे सगळे खाऊन टाकतं.

आणि काहीच सापडलं नाही तर? आधी जाळी बघा, अर्ध्या मिलिमीटरची पाहिजे, मच्छरदाणी चालत नाही. जाळीचं तोंड प्रवाहाकडं, तुम्ही त्याच्या वरच्या अंगाला उभं राहून पायानं दगड हलवायचे. मग पांढऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घालून दहा मिनिटं नुसतं बसा, गाळ खाली बसला की जे काडी-कचरा वाटत होतं त्यातलं काहीतरी चालायला लागतं.