आयकॉन लहान चालेल, बोटाची जागा मोठी हवी

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या सीताबर्डीवर उभं राहून स्वतःचं ॲप वापरून बघा. डोक्याला दुपट्टा, बोटाला घाम, स्क्रीनवर ऊन. ऑफिसच्या एसीत नेमकं लागणारं बटण तिथे तीनदा दाबावं लागतं. माझ्या एका ॲपमध्ये 'संख्या वाढवा' आणि 'काढून टाका' ही चिन्हं अगदी चिकटून होती. एक संत्रेवाले काका पेटी वाढवायला गेले आणि अख्खी नोंदच उडाली. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

आयकॉन फुगवायची गरज नाही. तो २४ डीपीचाच (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं मोजमाप) ठेवा आणि चारही बाजूंनी १२ डीपी पॅडिंग, म्हणजे रिकामी जागा द्या. दाबायची जागा आपोआप ४८ बाय ४८ होते, म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर. अँड्रॉइडची शिफारस हीच आहे. आयफोनसाठी ४४ बाय ४४ पॉइंट (आयफोनचं तसंच मोजमाप). शेजारच्या बटणांत किमान ८ डीपी अंतर सोडा. 'काढून टाका' तर पार दुसऱ्या टोकाला न्या, हे मी आग्रहाने सांगेन.

तपासायला सोपं आहे: अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो लेआउट बाउंड्स' चालू करा, प्रत्येक घटकाची चौकट डोळ्यांसमोर दिसते.

आणि हो, बटणावर मराठी मजकूर असेल तर उंची ठोकून बसवू नका, फक्त किमान उंची द्या. वरची मात्रा आणि खालचा उकार कापला गेला की 'पुढे' वाचताच येत नाही.