सस्पेन्शन अपग्रेड करताय? आधी या चुका टाळा

"दादा, गाडी घाटात वळणावर खूप झुलते, लोअरिंग स्प्रिंग कुठल्या टाकू?" गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगबद्दलचा हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, टायर किती जुने आहेत आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, शेवटचे कधी बघितलेस? बहुतेकांनी बघितलेलेच नसतात. गाडी 80 हजार चाललेली, टायर टणक झालेले, बुश चिरलेले, लिंक रॉड खटखटतेय, आणि त्यावर महागाच्या स्प्रिंग टाकायच्या! आधी गाडी कंपनीतून आली तेव्हा जशी होती तशी करून घ्या, चांगले टायर टाका, हवा बरोबर ठेवा आणि मग महिनाभर चालवा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच मिटते.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती सांगतो. फक्त स्प्रिंग बदलायच्या आणि शॉकअप जुनेच ठेवायचे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण दबलेली स्प्रिंग परत उसळते ती आवरायचं काम शॉकअपचं. कडक स्प्रिंग जास्त जोरात उसळणार आणि तिला आवरायला थकलेला शॉकअप, कसं जमणार? वर गाडी खाली बसल्यामुळे शॉकअपला दबायला जागाही कमी उरते.

माझ्या आतेभावाने त्याच्या स्विफ्टला हेच केलं होतं. मी नको म्हणत होतो, पण त्याला गणपतीत गावी जायच्या आधी गाडी खाली बसलेली हवी होती, शॉकअपचे पैसे नंतर बघू म्हणाला. आम्ही ताम्हिणीतून खाली उतरत होतो, वेगही फार नव्हता, साठच्या आत. एका डाव्या वळणावर पावसाने उखडलेला पट्टा आला आणि मागून धप्प असा आवाज झाला, आणि गाडीचा मागचा भाग एक-दीड फूट बाहेर सरकला. समोरून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली म्हणून वाचलो, मला आजही तो लाल रंग काचेत भरलेला दिसतो. झालं असं की वळणात आधीच दबलेलं बाहेरच्या बाजूचं मागचं चाक खड्ड्यावर आणखी दबलं आणि बंप स्टॉपरवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) जाऊन आदळलं. स्टॉपरला लागलं की सस्पेन्शन एका क्षणात कितीतरी पट कडक होतं, चाकाला वरखाली व्हायला वाव राहत नाही आणि टायर रस्ता सोडतो. घरी आल्यावर मागचे शॉकअप काढले तर एकावर तेल झिरपून धुळीचा जाड काळा थर बसलेला, दांडा हाताने दाबला तर बिनविरोध आत गेला आणि तिथेच पडून राहिला. म्हणून माझा नियम, स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळणारे आणि एकदमच, सोबत नवीन बंप स्टॉपर, डस्ट कव्हर आणि वरचं माउंटिंग. पैसे कमी असतील तर स्प्रिंग राहू दे, आधी चांगले शॉकअप टाक.

स्प्रिंग कापणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग साधारण 20 टक्के कडक होते आणि वर तिचं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की जागा सोडू शकते. कापू नका, बस.

दुसरी चूक चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये होते. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळणे. मूळ रबरी बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हीला चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जाग्यावर धरली जाते आणि आर्म वरखाली होतो तो त्या रबराला पीळ देऊनच. आता चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली ठेवल्याबरोबर रबराला पीळ बसतो आणि गाडी नुसती उभी असली तरी तो सुटत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचे नवे लोअर आर्म एका गॅरेजने असेच बसवले, चौथ्या महिन्यात ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. टॉर्च लावून बघितलं तर मागच्या बुशमध्ये नळीच्या कडेने अर्धगोल चीर पडलेली, टॉमी (लोखंडी पहार) लावून ढकलली की तोंड उघडल्यासारखी फाकायची.

तेव्हापासून मी काम सुरू करायच्या आधी टेप लावून चाकाच्या मधापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतो आणि मास्किंग टेपवर लिहून फेंडरवरच चिकटवतो. सगळं बसवून झालं की बोल्ट हाताने लावायचे, आर्मखाली जॅक लावून तेच अंतर आणायचं आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचं. गाडी खाली बसवली असेल तर अंतर नवीन उंचीचं धरायचं. पाच मिनिटं जास्त जातात. ज्यांना तीही नकोत त्यांनी हे काम हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचं पटापट सांगतो. एकाच बाजूचा शॉकअप बदलू नका, जोडीनेच बदला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर कोंबून हँडलिंग सुधारत नाही, तेवढी वेटोळी काम करायची थांबतात आणि शॉकअपवर भार वाढतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला मागे जाड स्टेबलायझर बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा) टाकला तर वळणात नाक आत येतं हे खरं, पण पावसात मागचा भाग लवकर सुटतो, तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यात जाड घेऊ नका. पॉलियुरेथेन बुश घेतले तर ते देतात तेच ग्रीस भरा, नाहीतर करकर आवाज येतो. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा, इम्पॅक्ट गनने आवळू नका आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच.

आणि अलाइनमेंट! स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) काढला की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही हलतात, म्हणून काम झालं त्याच दिवशी अलाइनमेंट करा. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे दोन-तीनशे किलोमीटर झाले की मी परत एकदा करतो आणि त्याच वेळी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून प्रत्येकावर पांढऱ्या पेंटची रेघ ओढतो, पुढच्या वेळी चाक काढलं की रेघ सरकली का ते एका नजरेत दिसतं.