मधमाशीला रंग ओळखता येतो का, हे कुळागरात कसे तपासावे

गोव्यात फोंडा किंवा सत्तरीकडच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांची पेटी ठेवलेली असेल, तर प्राणी शिकतात कसे हे पाहण्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. मात्र निळ्या कागदावर माशी येऊन बसली, एवढ्यावरून तिला निळा रंग ओळखता येतो असे म्हणता येत नाही. तिने जागा लक्षात ठेवलेली असू शकते, साखरपाण्याचा वास तिला आलेला असू शकतो, किंवा तो कागद तिला केवळ शेजारच्या कागदांहून गडद दिसलेला असू शकतो. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या शंका एकेक करून दूर केल्या, आणि तीच पद्धत येथे थोड्या सोप्या रूपात दिली आहे.

पाऊस सरल्यानंतरचा, पण आसपास फुलोरा भरात नसलेला कोरडा दिवस निवडावा, कारण फुले मुबलक असताना माश्या साखरपाण्याकडे फिरकत नाहीत. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या निरनिराळ्या करड्या छटांचे कागद आणि त्याच मापाचे काही निळे कागद छापून घ्यावेत. टेबल सलग सावलीत मांडावे. पोफळीखालचे हलते कवडसे कागदांची छटा सतत बदलत राहतात. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. डंखाची ॲलर्जी असलेल्यांनी या कामापासून दूरच राहावे.

समभाग साखर व पाण्याची बशी आधी पेटीजवळ ठेवावी आणि माश्या पिऊ लागल्यावर ती हळूहळू टेबलापर्यंत न्यावी. त्यानंतर सर्व कागद जवळजवळ मांडून प्रत्येकावर सारखी काचेची बशी ठेवावी. साखरपाणी फक्त निळ्या कागदावरच्या बशीत असावे, इतर बशांत साधे पाणी. निळ्या कागदाची जागा वारंवार बदलावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले तर माशी रंगाऐवजी टेबलाचा कोपराच शिकते.

माश्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या की खरी परीक्षा घ्यावी. सर्व कागद आणि बशा बदलून नव्या, स्वच्छ आणि रिकाम्या ठेवाव्यात, कारण आधी येऊन गेलेल्या माश्यांचा गंध जुन्या बशीवर राहतो. निळा कागद पूर्वी कधीच नव्हता अशा ठिकाणी ठेवून, कोणत्या कागदावर किती माश्या उतरतात ते तीन-चार मिनिटे मोजावे. परीक्षा याहून लांबवू नये. खाणे मिळेनासे झाले की शिकलेले वागणे ओसरू लागते, म्हणून लगेच निळ्यावर साखरपाणी पुन्हा द्यावे.

निळ्याऐवजी लाल कागद घेऊन हीच कृती दुसऱ्या दिवशी अवश्य करावी. मधमाशीच्या डोळ्यांना अतिनील किरण दिसतात, परंतु लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे लालावर शिकवलेल्या माश्या काळ्या आणि गडद करड्या कागदांवरही उतरतात. पद्धत चोख आहे की नाही हे पडताळण्यासाठी मला याहून चांगली कसोटी वाटत नाही: लाल कागदही अचूक निवडला जात असेल, तर कुठेतरी वास किंवा जागा आड येत आहे असे समजून मांडणी तपासावी.

निळा आणि जांभळा यांसारखे जवळचे रंग वेगळे ओळखायला शिकवायचे असल्यास केवळ निळ्यावर खाऊ घालणे अपुरे पडते. दोन्ही रंग सुरुवातीपासूनच शेजारी मांडून एकावर साखरपाणी व दुसऱ्यावर साधे पाणी ठेवावे.