कोकोचे फळ काळे पडले? आधी रोग ओळखा, मग औषध आणा

मृगाचा पाऊस जोर धरतो आणि नारळ-सुपारीच्या आगरातल्या कोकोवर काळी फळे दिसू लागतात. दुकानात 'बुरशीचे औषध द्या' म्हटले की पुष्कळदा कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. काळ्या फळकुजीवर तिचा उपयोग नाही. ही कुज करणारा फायटोप्थोरा पामिव्होरा बुरशीसारखा दिसला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि कार्बेन्डाझिमला तो दाद देत नाही. पैसे घालवण्याआधी फळ हातात घेऊन बघा.

फायटोप्थोराचा डाग चॉकलेटी असतो आणि रोज वाढतो. दोनेक आठवड्यांत अख्खे फळ काळे होते, पण दाबले तर टणकच लागते. दमट हवेत डागावर पांढुरकी लव येते. लॅसिओडिप्लोडिया या खऱ्या बुरशीची कुज बहुतेक कोरड्या दिवसांतली. खारीने कुरतडलेल्या किंवा किडीने टोचलेल्या जागी ती सुरू होते आणि बोट फिरवले तर काजळीसारखी काळी पूड लागते. बोटाएवढी कोवळी फळे पिवळी पडून झाडावरच सुकली, तर बहुधा तो रोग नव्हे; झाड जादा फळांचे पोषण स्वतःच थांबवते. त्यासाठी फवारणी नको.

शंका राहिली तर धुतलेल्या निरोगी हिरव्या फळाला खाच पाडा. डागाच्या कडेचा तुकडा तिच्यात बसवून चिकटपट्टी लावा. मधला तुकडा घेऊ नका, तिथे मागाहून आलेल्या बुरशी माजलेल्या असतात. ओल्या कापसासह झाकणाच्या डब्यात ठेवा. तीन ते पाच दिवसांत चॉकलेटी डाग पसरला तर फायटोप्थोराचा संशय बळावतो. फायटोप्थोराच्या नेमक्या प्रजातीची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते, म्हणून नमुना कागदी पिशवीतून कृषी विज्ञान केंद्रात द्या. इंटरनेटवरच्या 'विचेस ब्रूम' आणि 'फ्रॉस्टी पॉड'च्या फोटोंनी घाबरू नका. ते अमेरिका खंडातले रोग आहेत, भारतात नाहीत.

फळकुज ठरली की पहिले काम कोयत्याचे. कुजलेली फळे दर आठवड्याला काढून खोल पुरा आणि दाट फांद्या विरळ करा. मग उघडीप साधून एक टक्का बोर्डो फवारा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. ते त्याच दिवशी संपवा. बोर्डो निरोगी फळ वाचवते, कुजलेले सुधारत नाही. पुढच्या वर्षी पहिली फवारणी पावसाआधीच उरका.

काढलेली फळे माडाच्या बुंध्याशी टाकू नका. नारळाचा कोंब कुजवणाराही हाच फायटोप्थोरा आहे.