सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर नीट कसा लावावा

सूक्ष्मदर्शकातून नमुना धूसर दिसू लागला की आपला हात आधी फोकसच्या चाकाकडे जातो, मग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचे भिंग, पुसण्याकडे. स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पट्टीच्या, खाली बसवलेल्या कंडेन्सरकडे, प्रकाश नमुन्यावर एकवटणाऱ्या भिंगांकडे, मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुण्यातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये तर उजेड डोळ्यांवर आला की कंडेन्सर खाली घ्यायचा किंवा त्याचा डायफ्रॅम (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी पात्यांची झडप) मिटायचा, ही सवय एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे चालत आलेली दिसते. ती मोडावी असे मला कळकळीने वाटते. नमुन्यावर प्रकाश किती रुंद कोनातून पडावा हे कंडेन्सर ठरवतो, आणि बारीक तपशील दिसणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या कोनावर अवलंबून असते. उजेड कमी-जास्त करण्यासाठी दिव्याचे बटण आहे.

बहुतेक विद्यार्थी-सूक्ष्मदर्शकांवर जो साधा, दोन भिंगांचा कंडेन्सर असतो, तो जर्मनीतील येना येथे कार्ल झाइस यांच्याबरोबर काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांच्या नावाने ओळखला जातो. दिव्याकडून येणारे किरण गोळा करून तो त्यांचा शंकू बनवतो. शंकूचे टोक नमुन्यावर पडते आणि तेथून पुन्हा पसरत जाणारे किरण ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरतात. शंकूची ही रुंदी न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे एन.ए., या आकड्याने सांगतात. ४० पट ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर ०.६५ असा जो आकडा कोरलेला असतो, तो हाच.

एकमेकांजवळचे दोन बिंदू वेगवेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती अंतर हवे, हे काढायचे तर प्रकाशाच्या तरंगलांबीला १.२२ ने गुणून ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर या दोघांच्या एन.ए.च्या बेरजेने भागावे लागते. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रोमीटरचा धरला आणि दोन्हीकडे ०.६५ असेल, तर हे अंतर सुमारे ०.५२ मायक्रोमीटर येते. डायफ्रॅम मिटून कंडेन्सरचा एन.ए. ०.२ वर आणला, तर तेच अंतर ०.७९ मायक्रोमीटरवर जाते. पाषाण तलावाच्या काठावरच्या दगडाची तपकिरी बुळबुळ खरवडून आणली, तर तीत नॅव्हिक्युलासारखे डायॅटम, म्हणजे कवच असलेली एकपेशीय शैवाले, हमखास सापडतात. त्यांच्या बऱ्याच जातींत कवचावरच्या दोन रेषांमधले अंतर एक मायक्रोमीटरच्या आत असते. डायफ्रॅम मिटलेला असला, तर त्यांतल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून कवच गुळगुळीत दिसते, आणि पाहणाऱ्याला रेषा नाहीतच असे वाटते.

कंडेन्सर लावण्याची रीत आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ मध्ये मांडली, आणि आजही तीच वापरतात. स्टेजवर स्लाइड ठेवून १० पट ऑब्जेक्टिव्हने नमुना स्पष्ट करून घ्यावा. यानंतर फोकसच्या चाकाला हात लावू नये. कंडेन्सर अगदी वरपर्यंत न्यावा आणि तळाशी, दिव्यावर असलेला फील्ड डायफ्रॅम जवळजवळ मिटावा. दृश्यात कडा पुसट असलेला उजेडाचा एक ठिपका दिसेल. आता कंडेन्सर अगदी सावकाश खाली घेत जावे. बहुतेक वेळा थोडेसे खाली घेतल्यावरच त्या ठिपक्याच्या कडा धारदार होतात आणि डायफ्रॅमच्या पात्यांचे कोपरे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. साध्या कंडेन्सरमध्ये रंगांचा दोष दुरुस्त केलेला नसल्याने कडेला तांबूस किंवा निळसर झालर येते. कंडेन्सर वर-खाली करताना ती एका रंगातून दुसऱ्या रंगात बदलते, तेव्हा जिथे बदल होतो तिथेच थांबावे. ठिपका मधोमध नसेल, तर कंडेन्सरच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो मध्यावर आणावा आणि मग फील्ड डायफ्रॅम त्याच्या कडा दृश्याच्या जेमतेम बाहेर जाईपर्यंत उघडावा. त्याहून जास्त उघडल्यास भटका प्रकाश आत येऊन प्रतिमा फिकी पडते.

अनेक सूक्ष्मदर्शकांवर फील्ड डायफ्रॅम नसतोच. अशा वेळी दिव्याच्या काचेवर पेन्सिलीचे टोक धरावे आणि ते नमुन्याबरोबरच स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर हलवावा. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल, तर कंडेन्सर लावलेला असताना आरशाची सपाट बाजू वापरावी, कारण किरण एकत्र आणण्याचे काम कंडेन्सर करतोच. आरसा खिडकीतल्या आकाशाकडे वळवावा, सूर्याकडे कधीही वळवू नये. डोळ्याला कायमची इजा होते.

आता कंडेन्सरचा स्वतःचा डायफ्रॅम. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, काढून नळीत डोकावले की तळाशी उजेडाची एक वर्तुळाकार चकती दिसते. डायफ्रॅम मिटत जाऊन त्याची कड या चकतीच्या साधारण ७० ते ८० टक्के व्यासावर आणावी आणि आयपीस परत बसवावा. लीशमन रंग (रक्तपेशी रंगवण्याचा रंग) दिलेल्या रक्ताच्या काचेसाठी तो याहून थोडा अधिक उघडला तरी चालतो, कारण वेगळेपणा रंगानेच आलेला असतो. गालाच्या आतल्या पेशी रंग न देता पाहायच्या असतील, तर थोडा अधिक मिटावा लागतो. तिथे थोडा तपशील सोडून उठाव मिळवणे मला रास्त वाटते, पण हे जाणूनबुजून करावे. ऑब्जेक्टिव्ह बदलला की चकतीही बदलते, म्हणून हे पाऊल प्रत्येक वेळी नव्याने करावे.

४ पट ऑब्जेक्टिव्हला मात्र कंडेन्सर खाली घेणे, किंवा त्याचे वरचे भिंग बाजूला फिरवता येत असल्यास तसे करणे योग्यच आहे. एरवी दृश्याच्या कडा काळ्या राहतात. १०० पट तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला काटेकोर काम करायचे असेल, तर कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्येही तेलाचा थेंब हवा, कारण मध्ये हवा असताना कंडेन्सरचा एन.ए. १ च्या वर जाऊच शकत नाही. रोजच्या तपासणीत एवढे कोणी करत नाही, आणि गरजही नसते. स्लाइड साधारण १ मिलिमीटर जाडीचीच घ्यावी. फार जाड काचेवर शंकूचे टोक नमुन्यापर्यंत पोहोचत नाही.

कंडेन्सरच्या वरच्या भिंगावर स्लाइडखालून पाणी, रंग आणि तेल उतरत असते. काम संपताच ते लेन्स पेपरने टिपून घ्यावे. जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा सूक्ष्मदर्शक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात.